घरातला संगणक: डाव्या बाजूची पट्टी

मागच्या उन्हाळ्यात आमची भाची शहापूरहून मुरबाडला आमच्या घरी आली ती पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरूनच. शेणवे, किन्हवली, सरळगाव असा फेरा करून आलेली, ओढणी धुळीने भरलेली. सलाम झाला, आमच्या घरच्यांनी पुढे केलेला पाण्याचा पेला तिने तसाच बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मामू, परवा सबमिशन आहे आणि माझं सगळं पुस्तक उलटंपालटं झालंय."

पुस्तक म्हणजे तिचा एमएचा लघुप्रबंध. विषय तिने स्वतः निवडलेला: शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवरचा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. आपल्या भागातल्या वाचकांना हा विषय समजावून सांगायला नको. तानसा याच तालुक्यात, भातसा याच तालुक्यात, वैतरणेचं पाणीही इथल्याच डोंगरांतून मुंबईला जातं. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. पोरीने हे लहानपणापासून पाहिलेलं. वर्षभर पाडे फिरली, वह्या भरल्या, आणि चौऱ्याण्णव पानांचा मजकूर तयार केला.

अडचण झाली ती शेवटच्या आठवड्यात. मार्गदर्शक मॅडमनी वाचून सांगितलं की चौथं प्रकरण धरणांचं आहे आणि पाचवं पाड्यांच्या पाहणीचं, ते उलट कर. आधी तहान दाखव, मग धरण. सूचना अगदी योग्य होती. पण मजकूर टाइप करून घेतला होता एका दुकानात. तिथल्या मुलाने पाचवं प्रकरण उचलून चौथ्याच्या जागी चिकटवलं. तक्ते एकीकडे गेले, त्यांच्याखालच्या ओळी दुसरीकडे. प्रकरणाचा आकडा बदलला, पण आतले ५.१, ५.२ तसेच राहिले. अनुक्रमणिका हाताने टिंबं टाकून केलेली, तिच्यात जुनेच पान क्रमांक. दुकानदार म्हणाला, सगळं पुन्हा लावायचं तर पानामागे वेगळे पैसे होतील.

आमचे दुल्हाभाई आसनगाव स्टेशन ते शहापूर रिक्षा चालवतात. दुरुस्तीचे पैसे त्याआधी दोनदा देऊन झाले होते. तिसऱ्यांदा ते पोरीला एवढंच म्हणाले, "बेटा, आता जसं आहे तसं देऊन टाक." त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही. पण त्या एका वाक्यावर आम्ही नंतर पुष्कळ दिवस विचार करत होतो. आपल्याकडच्या घरांत लिहिण्याच्या कामाचं नेमकं हेच होतं. प्रत्येक बदलाला पैसे पडतात, प्रत्येक बदलासाठी तालुक्याला खेप घालावी लागते. मग माणूस बदल करायचं सोडतो. आणि काही दिवसांनी, बदल करावासा वाटणंच सोडतो. मॅडमची सूचना बरोबर आहे हे कळूनही ती खर्चाची वाटते.

आम्ही लॅपटॉप उघडला, फाइल उघडली. वरच्या व्ह्यू नावाच्या पट्टीत जाऊन नॅव्हिगेशन पेन या शब्दांपुढच्या चौकोनात खूण केली. डाव्या बाजूला एक अरुंद पट्टी उघडली. ती कोरी होती.

चौऱ्याण्णव पानं, सहा प्रकरणं, चाळीसेक उपमथळे; आणि संगणकाच्या लेखी त्या फाइलमध्ये एकही मथळा नव्हता. कारण दुकानातल्या मुलाने मथळे डोळ्यांसाठी केले होते. अक्षर मोठं केलं, ठळक केलं, मध्यभागी आणलं. माणसाला तो मथळा दिसतो. संगणकाला ती नुसती मोठ्या अक्षरातली एक ओळ दिसते, तिच्याखालचा मजकूर तिचा आहे हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून तर ओळ हलवली तरी मजकूर जागेवरच राहतो.

मथळा आहे हे संगणकाला सांगावं लागतं, आणि ते सांगायची रीत अगदी सोपी आहे. त्या ओळीवर कर्सर ठेवायचा आणि होम पट्टीतल्या स्टाइल्सच्या रांगेतून हेडिंग वन निवडायचं. प्रकरणाला हेडिंग वन, त्यातल्या भागाला हेडिंग टू, भागातल्या भागाला हेडिंग थ्री. माउस नको असेल तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून १, २ किंवा ३ दाबायचं. बस. आमच्या भाचीने पहिलं प्रकरण असं सांगितलं आणि डावीकडच्या कोऱ्या पट्टीत एक ओळ उमटली. दुसरं सांगितलं, दुसरी उमटली.

फक्त उमटली ती भलत्याच भाषेत. पहिली तीन प्रकरणं दुकानात जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झाली होती आणि उरलेली तिने स्वतः मोबाइलवर, म्हणजे युनिकोडमध्ये. पानावर दोन्ही मराठीच दिसत होती. पट्टीत मात्र पहिल्या तीन प्रकरणांची नावं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी होऊन आली. ही गोष्ट आपल्या पुष्कळ वाचकांच्या कामाची आहे म्हणून थोडं थांबून सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षर असतं आणि त्याला मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. पट्टीवर तो मुखवटा चढत नाही, म्हणून आतलं खरं रूप दिसतं. शोध घेतानाही हेच होतं. फाइलमध्ये "पाणी" शोधलं तर सापडत नाही, कारण तिथे पाणी लिहिलेलंच नसतं. तेव्हा मुलांना मराठी टायपिंग शिकवायचं तर युनिकोडच शिकवा, इनस्क्रिप्टचा कळफलक मिळाला तर उत्तम. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, पण रफार आणि काही जोडाक्षरं मोडतात; वाचून तपासावंच लागतं. त्या रात्री भाची आणि आमची धाकटी मुलगी, दोघी इशानंतर बसल्या आणि बारा वाजेपर्यंत तीन प्रकरणं ओळ न ओळ तपासून काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर मथळ्यांचं काम पूर्ण झालं आणि डावीकडच्या पट्टीत पूर्ण लघुप्रबंध एका नजरेत मावला. आता प्रकरण हलवायचं म्हणजे काय, तर पट्टीतलं पाचव्या प्रकरणाचं नाव माउसने पकडायचं आणि चौथ्याच्या वर नेऊन सोडायचं. नावाबरोबर त्याच्या पोटातले उपमथळे, परिच्छेद, तक्ते, सगळं लटांबर निमूट चालत गेलं. भाची दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग तिने ते परत खाली नेलं, परत वर आणलं. नुसती खात्री करायला.

इथपर्यंतची गोष्ट सोयीची आहे. आम्हाला लिहायचं आहे ते यापुढचं.

पट्टी पाहता पाहता ती अचानक गप्प झाली. धरणांच्या प्रकरणात अकरा उपमथळे होते. तानसा कधी बांधलं (१८९२ साली), जलवाहिन्या कुठून जातात, कुठल्या धरणाचं पाणी कुठे; सगळं नीट, क्रमवार. पाहणीच्या प्रकरणात सात. आणि त्या सातांतला शेवटचा होता "इतर मुद्दे". त्याच्या पोटात, तिसऱ्या पायरीवर, एक छोटा मथळा: "स्त्रिया व मुली".

"मामू," ती म्हणाली, "पाणी तर बायकाच आणतात."

तो भाग उघडून पाहिला. नऊ पानांचा होता. अख्ख्या लिखाणातला सर्वांत जिवंत भाग तोच. पहाटे किती वाजता उठावं लागतं, टँकर आला की घरातल्या कोणाला सोडून कोण धावतं, हंडा घेऊन उतारावरून चालताना गरोदर बाई काय करते, कुठल्या मुलीची शाळा कुठल्या महिन्यात बुडते. हे सगळं तिने स्वतः ऐकून, बसून, विचारून लिहिलेलं. आणि ते तिने "इतर" मध्ये टाकलं होतं. मुद्दाम नव्हे. ग्रंथालयातल्या जुन्या प्रबंधांत जो साचा होता, तो समोर ठेवून ती भरत गेली. त्या साच्यात धरणाला जागा होती, योजनांना जागा होती, बाईला "इतर" मध्ये होती. चौऱ्याण्णव पानं एकामागून एक वाचताना हे तिला कधीच दिसलं नाही. मॅडमनाही दिसलं नाही. पट्टीत चाळीस ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा लगेच दिसलं.

संगणकाने तिला काही सुचवलं नाही, हे लक्षात घ्या. त्याने फक्त तिचंच लिखाण तिला दुरून दाखवलं. माहुलीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला डोंगराचा आकार कळत नाही. आसनगावच्या पुलावर उभं राहिलं की कळतो, तसं काहीसं.

तिने त्या मथळ्यावर राइट क्लिक केलं आणि प्रमोट असं लिहिलेलं होतं ते दोनदा दाबलं. एकदा दाबल्यावर तो "इतर" मधून बाहेर येऊन पाहणीतल्या बाकी मुद्द्यांच्या बरोबरीला बसला, दुसऱ्यांदा दाबल्यावर स्वतंत्र प्रकरण झाला. मग मथळा बदलला: "पाणी आणणाऱ्या". आमच्या मते हा तिच्या सगळ्या लघुप्रबंधातला सर्वांत मोठा बदल होता, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

लिखाणाचा असा सांगाडा वेगळा दाखवणारी साधनं संगणकात नवी नाहीत. डग्लस एंगलबार्ट नावाच्या अमेरिकी संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एक जाहीर प्रात्यक्षिक दिलं. माउस लोकांना पहिल्यांदा जाहीरपणे दिसला तो याच दिवशी. पण त्याने पडद्यावर काय आणलं होतं? बाजाराची यादी. केळी, गाजरं, सूप, ब्रेड असं घरचं सामान आधी वाटेल तसं लिहिलं, मग ते प्रकारांखाली लावलं, प्रकार मिटवून दाखवले, उघडून दाखवले. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांच्या सभेत! आम्हाला ही गोष्ट फार आवडते. घरातल्या बायका रमजानच्या आधी किराण्याची यादी करतात तेव्हा तेच करतात: सुका मेवा एकीकडे, डाळी-बेसन एकीकडे, सरबताचं एकीकडे. बाजारात एकेका दुकानासमोर उभं राहिल्यावर तेवढाच कप्पा बघायचा असतो.

आणि आपल्याकडच्या कागदपत्रांत तर हे जुनंच आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने एक ते एकवीस. फेरफाराची नोंद सहामध्ये, खातेदाराच्या नावावरची एकूण जमीन आठ-अ मध्ये. सात-बारा सात-बारा म्हणतो, ते नाव त्या मांडणीतल्या सातव्या आणि बाराव्या नमुन्याचं आहे. मुरबाडच्या कुठल्याही म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा, त्याला अक्षरओळख नसेल पण कुठला कागद कुठल्या नमुन्यात असतो हे तोंडपाठ असतं. ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं इंग्रजी गॅझेटिअर पाहा, तेराव्या खंडाचे दोन भाग आणि चौदावा खंड. जमीन, पिकं, लोक, शेती, व्यापार, इतिहास, मग तालुके, मग गावं असा क्रम. मुंबई इलाख्यातल्या इतर जिल्ह्यांच्या खंडांचीही मांडणी साधारण तीच, म्हणून एका जिल्ह्याचं पुस्तक हाताळलेल्या माणसाला दुसऱ्यात चाचपडावं लागत नाही.

आमच्या घरी आणखी एक उदाहरण निघालं ते धाकट्या मुलीच्या तोंडून. ती म्हणाली, अब्बा, पान क्रमांक आणि मथळा यांत फरक काय, दोन्ही शोधायलाच ना? आम्ही म्हटलं, तू मदरशात पारा आणि सूरा दोन्ही शिकलीस ना? पारे तीस, ते वाचण्याच्या सोयीने समान वाटे केलेले. एका महिन्यात पूर्ण व्हावं म्हणून. सूरा एकशे चौदा, लहान-मोठ्या, कारण प्रत्येक सूरा स्वतःत एक आहे. वाटे सोयीचे, आणि विभाग मजकुराचे. कागदी पानाचा क्रमांक हा वाटा झाला. मथळा हा विभाग. तिला ते चटकन कळलं. मोठ्या माणसांना समजावताना आम्हाला जास्त वेळ लागला असता.

आता मोठ्या माणसांचंच सांगतो. गावातल्या जमातीच्या बैठकांचं इतिवृत्त गेली काही वर्षं एकजण संगणकावर लिहीत आले आहेत. चांगली सवय. पण प्रत्येक बैठकीची फाइल वेगळी, आणि फाइलींची नावं "मीटिंग", "मीटिंग नवीन", "मीटिंग फायनल", "मीटिंग फायनल २". कब्रस्तानच्या कुंपणाचा खर्च कोणी किती उचलायचा यावर मागे ठराव झाला होता की नाही, यावरून ईदनंतरच्या बैठकीत दोन बुजुर्गांत शब्दाला शब्द वाढला. दोघेही आपापल्या आठवणीची कसम खायच्या बेतात. आम्ही ती सगळी इतिवृत्तं एका फाइलमध्ये आणली: साल हेडिंग वन, बैठकीची तारीख हेडिंग टू, विषय हेडिंग थ्री. एक संध्याकाळ गेली. पुढच्या बैठकीत पट्टीतून ठराव दोन मिनिटांत समोर आला. ठराव झाला होता, पण दोघे सांगत होते त्यापैकी एकही रक्कम त्यात नव्हती. दोघेही हसले. आता ती फाइल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर राहू नये म्हणून तिची प्रत आणखी दोघांकडे ठेवली आहे. त्यासाठी वेगळा ठराव करावा लागला, तोही हेडिंग थ्रीमध्ये आहे.

ज्यांना हे आज घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी काही बारीक गोष्टी. हेडिंग निवडलं की अक्षर निळं होतं, भलत्याच आकाराचं होतं, म्हणून पुष्कळ लोक घाबरून परत फिरतात. फिरू नका. हेडिंगच्या नावावर राइट क्लिक करून मॉडिफाय घ्या आणि रंग-आकार एकदाच ठरवा, त्या पायरीचे सगळे मथळे एकसारखे होतील. मराठीचा आकार बदलत नाही असं दिसलं तर तिथेच खाली फॉरमॅट, मग फॉन्ट उघडा. कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स नावाचा वेगळा कप्पा असतो, मराठीचा फॉन्ट आणि आकार तिथून बदलतो. हे न कळल्यामुळे आम्ही स्वतः दोन दिवस डोकं आपटलं आहे. अनुक्रमणिका रेफरन्सेस पट्टीतल्या टेबल ऑफ कंटेन्ट्समधून आपोआप तयार होते, आणि मजकूर हलवल्यावर तिच्यावर राइट क्लिक करून अपडेट फील्ड म्हटलं की पान क्रमांक ताजे होतात. आपोआप होत नाहीत, म्हणावं लागतं. छापायला देण्याआधी हे विसरू नका. पट्टीतल्या मथळ्यावरच्या राइट क्लिकमध्ये डिलीटही असतं, ते मथळ्यासकट खालचा सगळा मजकूर उडवतं. चुकून दाबलं तर ताबडतोब कंट्रोल-झेड.

विकतचं सॉफ्टवेअर नसेल तर लिब्रे ऑफिस फुकट मिळतं. त्यात एफ-५ दाबलं की नॅव्हिगेटर नावाची तशीच खिडकी उघडते. आणि ज्या घरात संगणकच नाही, फक्त मोबाइल आहे (आमच्या वाचकांत अशी घरं कमी नाहीत), तिथे गूगल डॉक्समध्ये मथळ्यांना हेडिंग लावा आणि वरच्या तीन टिंबांमधून डॉक्युमेंट आउटलाइन उघडा. मोबाइलवर तर याची गरज जास्त, कारण तिथे एका वेळी जेमतेम दहा ओळी दिसतात. लांब मजकूर मोबाइलवर वाचणं म्हणजे खिडकीच्या फटीतून वरात पाहणं.

भाचीकडे कॉम्प्युटर क्लासचं प्रमाणपत्र आहे, चांगल्या गुणांचं, शहापूरच्या घरी भिंतीवर फ्रेम करून लावलंय. तिला अक्षर ठळक करता येत होतं, रंगीत करता येत होतं, फुलांची चौकट टाकता येत होती. स्टाइल्सची रांग रोज डोळ्यांसमोर असूनही तिच्यावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं. दोष कोणा एकाचा नाही. बहुतेक ठिकाणी कागद सुंदर कसा दिसेल हे आधी शिकवलं जातं, कारण अर्ज, आमंत्रण, बायोडेटा ही एका पानाची कामं. एका पानाला सांगाडा लागत नाही. पण आपल्या मुली आता शंभर पानांची कामं करू लागल्या आहेत, आणि शिकवण अजून एका पानाचीच आहे.

सांगाड्याचं कौतुक करतानाच त्याची खोडही सांगितली पाहिजे. आमच्या ओळखीतले एक शिक्षक आपल्या गावाचा इतिहास लिहीत आहेत. त्यांच्या फाइलची डावी पट्टी पाहाल तर थक्क व्हाल. बारा प्रकरणं, प्रत्येकाला पोटभाग, नाणेघाटाच्या जुन्या वाटेपासून म्हशाच्या यात्रेपर्यंत. मथळ्यांवर क्लिक केलं की खाली काहीच नाही. दर महिन्याला भेटले की सांगतात, "क्रम बदललाय थोडा." मथळे हलवण्यात कामाचं समाधान मिळतं आणि काम होत नाही. भाचीचं जमलं ते तिच्याकडे आधी नऊ पानं भरलेली होती म्हणून. तिने पहिल्याच दिवशी सांगाडा करून त्यात भरायला सुरुवात केली असती तर "इतर मुद्दे" तसेच राहिले असते असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटतं. म्हणून आमचा सल्ला उलटा आहे: आधी मनात येईल तसं लिहा, पुरेसं साठलं की मथळे लावा, मग पट्टी उघडून बघा आपण काय लिहिलंय. आणि आजीला पत्र लिहायचं असेल तर यातलं काहीही करू नका.

तिसऱ्या दिवशी पहाटे दुल्हाभाई स्वतः रिक्षा घेऊन मुरबाडला आले. पोरीला आणि कागदांना एसटीच्या गर्दीत पाठवायचं नव्हतं त्यांना. नाश्त्याला आमच्या घरच्यांनी घावणे केले होते. आम्ही लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि भाचीने पट्टीतली प्रकरणं एकेक करून मिटवली, उघडली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "म्हणजे आता बदल करायचा असेल तर दुकानात जायला नको?"

"नको अब्बा. फक्त छापायला."

"आणि छापल्यावर मॅडमनी परत काही सांगितलं तर?"

"तर मी बदलीन."

त्यांनी चहा संपवला आणि म्हणाले, चल, उन्हाच्या आत पोहोचू.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी अनुक्रमणिका उघडली आणि पहिला प्रश्न त्या एका प्रकरणावरच विचारला, असं भाचीने फोनवर सांगितलं. "पाणी आणणाऱ्या" हे प्रकरण मूळ आराखड्यात दिसत नाही, ते नंतर का घातलं? ती म्हणाली, "सर, ते आधीपासून होतं. मला दिसलं उशिरा." सरांनी मान हलवली आणि पुढची वीस मिनिटं त्याच नऊ पानांवर बोलणं झालं. धरणांवर त्यांनी काहीच विचारलं नाही, याचं तिला थोडं वाईट वाटलं. तानसाचा इतिहास तिने फार मेहनतीने गोळा केला होता.